पट्टीशिवाय एक, पट्टीसह एक

२०२४च्या पावसाळ्यात माझ्याकडे एक काम आलं. पोलीस कर्मचाऱ्यांसाठीची एक प्रशिक्षण-पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणायची होती. विषय होता गुन्ह्याच्या जागेचं छायाचित्रण. एरवी मी कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद करते, बहुतेक बंगालीतून, थोडे गुजरातीतून. त्यावर घर चालत नाही, म्हणून औषधांबरोबरची पत्रकं, विम्याचे अर्ज, मिक्सरच्या माहितीपुस्तिका हेही करत असते. त्यातलंच हे एक समजून हो म्हटलं. एकशेदहा पानं, सहा आठवडे.

काम अचानक का निघालं, ते उघड होतं. १ जुलै २०२४ला नवे फौजदारी कायदे लागू झाले होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३)प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञानं जागेवर जायचं आणि तिथल्या सगळ्या कामाचं चित्रीकरण करायचं. झडती आणि जप्तीच्या वेळीही चित्रीकरण हवं. राज्यांना तयारीसाठी मुदत दिली आहे, पण कुठल्याही ठाण्यातल्या कुठल्याही शिपायाच्या हातात उद्या हे काम येऊ शकतं, आणि त्याच्या खिशात मोबाइल आहेच. तो कसा धरायचा, हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं होतं.

पहिला अडथळा शीर्षकातच होता. ‘फॉरेन्सिक’ला मराठीत काय म्हणायचं? वर्तमानपत्रं सर्रास ‘न्यायवैद्यक’ लिहितात, पण त्यात वैद्य येतो, आणि बुटाच्या ठशाला वैद्याची गरज नसते. महाराष्ट्रातल्या सरकारी प्रयोगशाळांच्या पाटीवर ‘न्यायसहायक’ असतं. हिंदीत ‘विधि विज्ञान’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्द ‘फोरम’वरून आलेला. फोरम म्हणजे गावाच्या मध्यावरची जागा, जिथे चारचौघांसमोर वाद मांडायचे. माझ्या मनात लगेच ‘चावडी’ आली. चावडी-विज्ञान! असं लिहिलं असतं तर काम तिथेच परत गेलं असतं. मी निमूटपणे ‘न्यायसहायक’ लिहिलं. पण पुढची सगळी पानं करताना चावडी डोक्यातून गेली नाही. जे तिथे नव्हते त्यांच्यासमोर, तिथे काय होतं ते मांडायचं. आपण एकटे बघतो तेव्हा हे सगळे नियम लागत नाहीत.

दुसरा अडथळा शब्दाचा नव्हता. तेविसाव्या पानावर एक साधी सूचना होती : प्रत्येक खुणेचं जवळून छायाचित्र दोनदा घ्यावं, एकदा पट्टीशिवाय आणि एकदा पट्टीसह. पट्टीशिवाय अशासाठी, की पट्टीखाली काही झाकलं गेलं असा आरोप व्हायला नको. पट्टीसह अशासाठी, की खुणेचं माप नंतर काढता यावं. वाक्य अर्ध्या मिनिटात झालं. त्यानंतर त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. अण्णांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक लाकडी फूटपट्टी असायची, ती आठवली. पासपोर्टचे फोटो कापायला लागत असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सातवीच्या परीक्षेचे आयडेंटिटी फोटो. आणि वर्षातून दहा-पंधरा वेळा पोलिसांचं काम. ठाण्याकडे तेव्हा स्वतःचा कॅमेरा नव्हता. हवालदार सायकलवरून यायचे आणि दारातूनच म्हणायचे, “अण्णा, चला, साहेब थांबल्यात.” अण्णा हातातलं काम टाकून उठायचे. लग्नाच्या घरी ते निवांत जात. या कामाला मात्र कधी उशीर केला नाही.

ते परत यायच्या आधीच आई मागच्या दाराशी पाण्याची बादली ठेवायची. अण्णा तिथेच कपडे काढून अंघोळ करत आणि मग घरात येत. कुठे गेला होता, हे आम्ही विचारायचं नाही. तरी कळायचंच : गळफास, विहीर, रेल्वे फाटक, स्टोव्ह. डार्करूममध्ये दोरीवर प्रिंट वाळत असत, त्यांत लग्नाचे सुलटे टांगलेले आणि पोलिसांचे भिंतीकडे तोंड करून. त्यांचं बिल वर्ष-दीड वर्षानं निघे. कोर्टाचं समन्स मात्र कधी ना कधी येईच, कारण फोटो शाबीत करायला फोटोग्राफर लागे आणि निगेटिव्ह लागे. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, निगेटिव्हचं पाकीट छातीशी धरून जिल्ह्याच्या गाडीत बसत. आई त्याला ‘अण्णांची तारीख’ म्हणायची.

त्यांना हे काम कुणी शिकवलेलं नव्हतं. हवालदार बोट दाखवत, “हा घ्या, हा घ्या,” आणि अण्णा तो घेत. बोट पंचनाम्याच्या क्रमानं फिरत असे. पंचनामा हा शब्दच बघा, अर्धा आपला नि अर्धा फारसी. त्याची मराठी मला फार आवडते. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच’ अशी सुरुवात, मग सदर खोलीची पूर्व-पश्चिम लांबी, दक्षिणेकडच्या भिंतीपासून अमुक फुटांवर मयताचं डोकं, मयताच्या अंगावरचं लुगडं कुठल्या रंगाचं आणि त्याला काठ कसले. या भाषेत विशेषण म्हणजे रंग किंवा माप. ‘भीषण’ नाही, ‘दुर्दैवी’ नाही. मात्र ती एका माणसानं सांगितलेली आणि दुसऱ्यानं लिहिलेली असते, आणि पंचांना पुष्कळदा सहीपुरतं बोलावलेलं असतं.

पुस्तिकेतली पद्धत वेगळी निघाली. आधी लांबून सगळी जागा, चारही कोपऱ्यांतून. मग मधल्या अंतरावरून, म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वस्तूपासून किती लांब ते कळावं. मग जवळून. जवळचा फोटो घेताना कॅमेरा खुणेच्या बरोबर समोर, काटकोनात हवा. जरा कलला की माप खोटं होतं. त्यासाठी इंग्रजी एल आकाराची एक खास पट्टी असते. ती १९८८ साली चाव्यांच्या खुणांसाठी तयार झाली, आणि नाव अमेरिकेतल्या न्यायसहायक दंतवैद्यांच्या मंडळाचं लागलं. तिच्यावर छोटी वर्तुळं छापलेली असतात. फोटोत वर्तुळ लांबट आलं तर समजायचं, कॅमेरा कललेला होता. म्हणजे फोटोग्राफरची चूकही पट्टीच नोंदवते. मला हे वाचून आनंद झाला. अनुवादात असं काही नाही. आपण कुठे कललो ते दाखवणारं वर्तुळ तिथे आपण छापत नाही.

(ज्या चाव्यांच्या खुणांसाठी पट्टी निघाली, त्या शास्त्राचं पुढे काय झालं तेही सांगते. माणसाची कातडी ताणते, सुजते, रंग बदलते. चाव्याच्या खुणेवरून माणूस ओळखण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान-सल्लागारांनी २०१६ साली स्पष्ट लिहिलं. पट्टी टिकली आणि ज्यासाठी ती केली ते डळमळलं.)

काही शब्द कागदावर सुटेनात. ‘ऑब्लिक लाइटिंग’ला मी ‘तिरकस प्रकाश’ लिहिलं, खोडलं, ‘तिरपा उजेड’ लिहिलं. पण तिरपा म्हणजे किती? तीस अंश की दहा? काम देणाऱ्यांनी माझी अडचण ऐकून गुजरातेतल्याच एका प्रशिक्षण केंद्रात दोन दिवस बसायची परवानगी काढून दिली. मी बडोद्याला राहते, जाणं सोपं होतं. तिथल्या प्रशिक्षक पन्नाशीच्या होत्या. फोटोग्राफीत आयुष्य गेलेलं, बोलणं गुजराती-इंग्रजी मिसळलेलं. मला पहिल्या मिनिटापासून त्या ‘बेन’ म्हणू लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी एक काळा शर्ट टेबलावर पसरला. काय दिसतं? काही नाही, काळा शर्ट. मग अवरक्त किरणांना आडवणारी काच काढून टाकलेल्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला. पडद्यावर शर्ट राखाडी झाला होता आणि छातीपाशी काळा डाग उठून दिसत होता. काळा रंग हा आपल्या डोळ्यांपुरता काळा असतो. पुष्कळ कापडांचे रंग अवरक्त प्रकाश परत पाठवतात, रक्त आणि बंदुकीची काजळी तो गिळतात. मग निळा दिवा आणि नारिंगी चष्मा. चादरीवर लाळेचे, वीर्याचे डाग चमकायला लागले आणि रक्ताचा डाग आणखी काळा पडला. मला वाटलं होतं, हे सिनेमात दाखवतात तसं काहीतरी झगमगीत असेल. प्रत्यक्षात ते फार संथ आणि घरगुती होतं. चादर हलू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवलेल्या.

दुपारी लुमिनॉल. एका फरशीवर जनावराचं रक्त सांडून, वाळू देऊन, मग पोतेऱ्यानं पुसून घेतलेलं होतं. दिवा लावून पाहिलं तर फरशी स्वच्छ. अंधारात कॅमेऱ्याला नेम धरता येत नाही, म्हणून उजेडातच फोकस लावून तो चिकटपट्टीनं बांधून ठेवला. मग दिवे घालवले. डोळे सरावेपर्यंत आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. फवारा मारल्याचा आवाज आला आणि फरशीवर निळा उजेड उमटला. फार मंद, श्रावणातल्या काजव्यांपेक्षाही मंद. रक्तातल्या लोहामुळे ते रसायन पेटतं. उष्णता नाही, नुसता उजेड, आणि तोही अर्ध्या-एक मिनिटात विझत जाणारा. “बेन, तीस मोजा,” अंधारातून त्यांचा आवाज आला. कॅमेऱ्याचं झाकण उघडं होतं. मी मोजत होते. विसाच्या आसपास कुणीतरी छताकडे एक हलका फ्लॅश मारला, खोलीच्या भिंतीही फोटोत याव्यात म्हणून. नाहीतर निळा डाग कुठे आहे ते कळणारच नाही, अंधारात तरंगेल.

पडद्यावर फोटो आला तेव्हा मला रक्तापेक्षा दुसरंच दिसलं. पोतेरा फिरवलेल्या कमानी. एकापुढे एक, उजवीकडून डावीकडे, शेवटी बादलीच्या दिशेनं. पुसणाऱ्याचा हात फरशीवर शिल्लक होता.

शेजारच्या फरशीवरही तसाच निळा उजेड आला. तिथे रक्त नव्हतंच, ब्लीचिंग पावडरचं पाणी होतं. तांब्यानं, सलगमसारख्या काही भाज्यांच्या रसानंही लुमिनॉल फसतं. वर्गातल्या एका फौजदारानं विचारलं, मग उपयोग काय? त्या म्हणाल्या, “लुमिनॉल फक्त सांगतं की इथे बघा. काय आहे ते पुढे प्रयोगशाळा सांगेल.” १९३७ साली जर्मनीत वॉल्टर श्पेख्तनं घटनास्थळासाठी हे सुचवलं, तेव्हापासून त्याची मर्यादा तीच आहे.

या सगळ्याचा आरंभ फ्रान्समध्ये, पॅरिसच्या पोलीस खात्यातल्या आल्फाँस बर्तियाँ या कारकुनापासून धरतात. आरोपीचा एक समोरून आणि एक बाजूनं असा फोटो घ्यायची रीत त्यानंच पक्की केली. खुनाच्या खोलीत तो उंच तिवई उभी करायचा, कॅमेरा छताजवळून सरळ खाली बघायचा, आणि फोटो अशा पुठ्ठ्यावर चिकटवला जायचा की कडेच्या मापांवरून खोलीतलं अंतर काढता यावं. पुढे लोझानमध्ये रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ राइसनं १९०३ साली न्यायालयीन छायाचित्रणावर ग्रंथ लिहिला आणि १९०९ साली विद्यापीठात या विषयाची संस्थाच काढली. बर्तियाँची आणखी एक गोष्ट पुस्तिकेत नव्हती, मला एम.ए.च्या काळापासून माहीत होती. ड्रेफस खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून तोच उभा राहिला. आपण निर्दोष माणसाला दोषी ठरवतोय हे त्याला कळलं नाही. मापं होती तोवर तो ठीक होता. मापं संपली आणि त्याला खात्री वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूचा ट्रे. त्यात बुटाचा एक ठसा. प्रशिक्षकांनी टॉर्च वरून धरला : वाळू सपाट, ठसा जवळजवळ नाहीसा. टॉर्च हळूहळू खाली आणला, जमिनीला टेकेल इतका. वाळूतून ठसा वर आला. टाचेवरची झिजलेली कड, पंज्यावरचे आडवे पट्टे, मध्ये अडकलेल्या खड्याची खूण. मग टॉर्च ठशाभोवती फिरवला आणि प्रत्येक बाजूनं वेगळं काहीतरी दिसलं. म्हणून निदान तीन-चार दिशांनी फोटो घ्यायचे, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात, लांब धरायचा. पट्टी ठशाच्या शेजारी नुसती ठेवायची नाही, वाळू उकरून ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवायची.

मी जादवपूरला तौलनिक साहित्य शिकले. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यात कळलं की आपण ज्याला छायाचित्र म्हणतो त्याला बंगालीत ‘आलोकचित्र’ म्हणतात. तेच यंत्र, तोच कागद, एका भाषेला त्यात सावली दिसली आणि दुसरीला उजेड. वर्गात आम्ही त्यावर पुष्कळ हसलो होतो. वाळूच्या ट्रेपाशी उभी असताना वाटलं, इथे मराठी शब्दच अक्षरशः बरोबर आहे. ठसा दिसतो तो निव्वळ सावलीमुळे. समोरून उजेड टाकला की सावली मरते आणि ठसा जातो. मला तिरप्याचा अर्थ कळला. ‘जमिनीलगतचा उजेड’ असं मी वहीत लिहिलं.

आणि लगेच ती विहीर आठवली.

अण्णांनी मला हे कधी सांगितलं नाही. आईकडून आणि स्टुडिओत मदतीला असलेल्या मामाकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेलं आहे. १९८७चा पावसाळा. जवळच्या एका गावात वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली मुलगी विहिरीत सापडली. पाणी शेंदताना पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते. अण्णा गेले तेव्हा मुलीला वर काढून घोंगडीवर ठेवलेलं होतं. हवालदारांनी दाखवले ते फोटो अण्णांनी घेतले. मग मोटेच्या जुन्या धावेवरच्या चिखलात त्यांना एक ठसा दिसला. मोठ्या, पुरुषाच्या चपलेचा, टाच खोल रुतलेली, तोंड विहिरीकडे. बोट त्याच्याकडे गेलेलं नव्हतं. अण्णांनी स्वतःहून तो घेतला. न सांगता घेतलेला त्यांचा तो पहिला फोटो असावा.

त्यांच्याकडे याशिका होती, एकशेवीस रोलची, बारा फोटोंची. त्या कॅमेऱ्यात वरून मान खाली घालून बघायचं असतं. छातीशी धरलेला कॅमेरा जमिनीकडे वळवायचा म्हणजे तो कलणारच, आणि फार जवळ तो जातही नाही. आभाळ भरून आलेलं, म्हणून फ्लॅश कॅमेऱ्याला लावलेलाच. पट्टी नाही. पुस्तिकेच्या तेविसाव्या पानापासून सत्ताविसाव्या पानापर्यंत जे जे करू नये म्हणून मी भाषांतरित केलं होतं, ते सगळं त्या एका फोटोत होतं. ठशाचा साचाही कुणी घेतला नाही. संध्याकाळी पाऊस आला.

खटला १९९०च्या जुलैत उभा राहिला. सरतपासणी सरळ झाली. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी फोटो अण्णांच्या हातात देऊन विचारलं, हा ठसा किती इंच लांब आहे? अण्णा म्हणाले, मोजला नाही, पण माझ्या वितीपेक्षा दोन बोटं जास्त होता. वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, साक्षीदाराची वीत मुद्देमाल म्हणून जमा करून घ्यावी. कोर्ट हसलं. मामा बाहेरच्या बाकावर होता, त्यालाही हसण्याचा आवाज आला. मग विचारलं, कुठल्या नंबरची चप्पल? डाव्या पायाची की उजव्या? हा ठसा विहिरीजवळचाच कशावरून? अण्णा गप्प उभे राहिले.

संशयाचा फायदा मिळून सगळे सुटले. केवळ ठशावर खटला उभा नव्हता. साक्षीदार फितूर झाले होते, तपासात इतरही भोकं होती. वकिलांची आणि पोलिसांची मंडळी हे अण्णांना पुष्कळदा सांगत. अण्णा मान डोलवत. आई म्हणते, त्या रात्री ते जेवले नाहीत आणि दिवा घालवून अंथरुणावर हाताची वीत उघडमीट करत बसले होते.

केंद्रातून घरी आले आणि अण्णांची पत्र्याची पेटी उघडली. २०१६ साली ते गेल्यावर ती माझ्याकडे आली होती, पण मी तिला हात लावला नव्हता. आत निगेटिव्हची पाकिटं होती, प्रत्येकावर त्यांच्या बारीक अक्षरात गुन्हा रजिस्टर नंबर, साल, कोर्टाची तारीख. विहिरीचं पाकीट लगेच सापडलं. मी त्या एका निगेटिव्हचं स्कॅन करून प्रशिक्षकांकडे पाठवलं आणि आठवड्यानं भेटायला गेले.

त्यांनी ते पडद्यावर लावलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला एकीकडे ‘जाने भी दो यारों’मधले ते दोन फोटोग्राफर आठवत होते, फोटो मोठा करत करत खुनापर्यंत पोचणारे, आणि त्यांच्या मागचा अँतोनिओनीचा ‘ब्लो-अप’, आणि त्याच्याही मागची कोर्तासारची कथा. त्या मूळ कथेतला माणूस पेशानं अनुवादक आहे आणि फोटो नुसता हौसेनं काढतो. १९६६च्या सिनेमात अनुवादक गळला, फोटोग्राफर उरला. पडद्यावर फोटो मोठा होत होता, आणि मोठे होत होते ते फक्त दाणे. मधोमध फ्लॅशचा पांढरा झोत. टाचेची कड एका बाजूला जेमतेम.

“माप माहीत असलेलं काहीतरी हवं,” त्या म्हणाल्या. “काडेपेटी, नाणं, वीट, काहीही. त्याच पातळीवर.” आम्ही चारही कोपरे शोधले. चिखल, गवत, कडुनिंबाची दोन पानं. पानांचं माप काय धरणार? त्यांनी विचारलं, वडिलांनी वीत लावून बघितली होती म्हणता ना? तो हात फोटोत आला असता तरी चाललं असतं. हात मोजता येतो.

मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, “बेन, हा फोटो मी वर्गात दाखवू? काय करू नये ते एका फोटोत एवढं स्पष्ट कुठे मिळत नाही.” मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, चहा मागवला. बसमध्ये बसल्यावर वाटलं, द्यायला हवा होता. अण्णांनी दिला असता. अजून मी त्यांना कळवलेलं नाही, आणि अजून माझं ठरतही नाही. मुलीचा चेहरा त्यात नाही, गावाचं नाव नाही. तरी.

पुस्तिकेचा शेवटचा भाग कोरडा होता, पण त्यावरही मी रेंगाळले. पूर्वी निगेटिव्ह दाखवली की मूळ कुठलं, हे ठरत असे. आता नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खाली दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात फाइलचा ‘हॅश’ लिहायचा असतो. एक लांबलचक आकडा, फाइलमधला एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. निगेटिव्हचं काम तो करतो. मी ‘हॅश’ तसाच ठेवला, मराठी प्रतिशब्द घडवला नाही. मोबाइल धरणाऱ्या शिपायाला एवढे तरी शब्द सरळ मिळावेत. बाकी बोट कुणीकडे फिरेल ते कुठल्या पुस्तिकेत लिहिता येत नाही. एका वाक्यात मी थोडी ढवळाढवळ केली आहे. मूळात होतं, अधिकाऱ्यानं दर्शवलेल्या खुणांची छायाचित्रं घ्यावीत. मी त्यापुढे कंस करून घातलं : आणि स्वतःला दिसलेल्या इतर खुणांचीही. असं अनुवादकानं करू नये. तपासणाऱ्यांनी ते ठेवलं, कदाचित त्यांच्या लक्षात आलं नसेल.

काम पाठवून दिल्यावर एका रविवारी मी पेटीतली बाकीची पाकिटं बाहेर काढली. आत माणसं आहेत, मेलेली, त्यांच्या घरच्यांना ठाऊकही नसेल की ती माझ्या माळ्यावर आहेत. जाळावीत की ठेवावीत हे ठरवायला बसले होते. खिडकीच्या काचेवर एकेक निगेटिव्ह धरून पाहिली, चेहरे आले की बाजूला ठेवली. १९९०च्या जुलैआधीच्या एकाही फोटोत पट्टी नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पाकिटात आहे. दाराच्या चौकटीवरच्या ओरखड्याशेजारी, कोयत्याशेजारी, दोरीच्या गाठीशेजारी, चाकाच्या वणाशेजारी. प्रत्येक खुणेची दोन निगेटिव्ह, एक पट्टीशिवाय, एक पट्टीसह. त्यांना हे कुणी सांगितलं होतं, माहीत नाही. बारा फोटोंच्या रोलमध्ये ते परवडणारं नव्हतं.

एका निगेटिव्हमध्ये पट्टी सरळ आणि जवळून आली आहे. निगेटिव्हमध्ये शाई पांढरी दिसते. पट्टीच्या कडेला पांढऱ्या अक्षरात माझं नाव होतं, इयत्ता सहावी ब, हजेरी क्रमांक सत्तावीस.

सहावीत माझी पट्टी हरवली होती. भूमितीच्या तासाला बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि घरी आल्यावर वस्तू जपत नाही म्हणून आईनं बोलणी घातली होती. अण्णा तेव्हा समोरच बसून रोल भरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजारातून नवी आणून दिली, प्लॅस्टिकची, निळी.

मी पाकिटं सालवार लावून परत पेटीत ठेवली. पेटी तळापर्यंत रिकामी करून पाहिली होती. लाकडी पट्टी तिच्यात नव्हती.